मिठीचा रविवार

२६ ऑगस्ट

आलो एकदाचा आल्डरसेटला. सामान अजून खोक्यांतच आहे. किटली तेवढी सापडली, म्हणून बाकी कशाची घाई नाही. लीड्समधली शहरी पॅरिश, म्हणजे तिथल्या चर्चची जबाबदारी, सुटली या आनंदात गाडी चालवताना मी चक्क गात होतो. माझा आवाज मुळातच बेताचा, पण लिंकनशायरच्या या सपाट रानात मेंढ्यांशिवाय ऐकायला होतं कोण!

डॉक्टर म्हणाले होते की पॉस्किट, तुमचं हृदय ठीक आहे, तुम्हीच ठीक नाही. बिशपसाहेबांनी मग हे गाव शोधून काढलं. उपासनेला येणारी मंडळी मोजकी, चर्च मोठं, काम थोडं. मला आता एवढंच हवंय की कुणी काही मागायला दाराशी येऊ नये आणि दुपारी निवांत डोळा लागावा. पाद्र्याने असं लिहू नये, पण रोजनिशी माझी आहे.

संध्याकाळी मिस डाउस येऊन गेल्या. त्या इथल्या चर्चवॉर्डन, चर्चची सगळी व्यवस्था बघणाऱ्या, म्हणजे खऱ्या मालकीणबाई. सत्तरी उलटलीय, पण चालणं शिपायाचं. मनुके घातलेला पाव आणि चीज घेऊन आल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या की आधीचे रेव्हरंड हॉबडे निदान अंगापिंडाने भरलेले होते, तुम्हाला तर वाऱ्यातून जपून न्यावं लागेल. हॉबडे मागच्या वसंतात गेले. चर्चच्या भिंतीशी बसले होते, बसल्या बसल्याच गेले म्हणे. अगदी शांत मरण, असं त्या म्हणाल्या आणि पावाचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत वाढला.

३० ऑगस्ट

दिवसभर चर्चमध्ये होतो. सेंट गथलॅकचं हे चर्च गावाच्या मानाने फारच मोठं आहे. लोकरीच्या भरभराटीच्या काळात कुणाला तरी वाटलं असणार की इथे शहर होणार. शहर झालं नाही, चर्च तेवढं राहिलं.

मनोरा सगळ्यात जुना, जाडजूड भिंतींचा आणि लहान खिडक्यांचा. त्याखालची कमान नॉर्मन लोकांनी कोरलेली, नागमोडी नक्षीची. दक्षिणेकडचे खांब कुणा कसबी गवंड्याचे आहेत. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दगडी पानं वाऱ्याने वळल्यासारखी कोरलीत, आणि एका कोपऱ्यात दाढ दुखणाऱ्या माणसाचं तोंड आहे. गालावर हात ठेवून तो गेली सहाशे वर्षं कळवळतोय. मला बघूनच हसू आलं.

उत्तरेकडे वळलं की मात्र हातच बदलतो. खांब एकसारखे नाहीत, सांधे जाड, आणि भिंत म्हणजे मिळतील ते दगड रचलेले. ती बाहेरच्या बाजूला झुकलीय, हे नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. दाराशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या माहितीपत्रकात कारण दिलंय. दक्षिणेची बाजू झाली आणि महामारी आली. गवंडी सगळे मेले. उत्तरेकडचं काम उघडं पडलं होतं, म्हणून गावात जे उरले होते त्यांनी, बहुतेक बायका आणि म्हाताऱ्यांनी, ती भिंत स्वतःच्या हातांनी उभी केली. त्यांना ना पायाची अक्कल होती ना ओळंब्याची. पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले आणि भिंतीच्या बाहेरच, तिच्या कडेने, पुरले गेले. नावं कुणाचीच नाहीत. नंतर कधीतरी भिंतीला बाहेरून दगडी धिरे दिले होते, तर एका जमीनदाराने तेही तबेला बांधायला काढून नेले. त्यांची छातीइतकी थोटकं तेवढी उरलीत.

मला ती भिंत आवडली. झुकलीय, थकलीय, पण आहे उभी. आत, तिच्या कडेच्या बाकावर दुपारी बसलो आणि असा गाढ झोपलो की मिस डाउसनी फुलदाणी आपटून जागं केलं.

६ सप्टेंबर

बिशपच्या कचेरीकडून इमारतींचे तपासनीस आले होते, पेनफोल्ड नावाचे. आनंदी गृहस्थ. उत्तरेच्या भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला तर तो पायथ्यापासून इतका लांब जाऊन टेकला की ते स्वतःच गालातल्या गालात हसले. म्हणाले की हिशेबाने ही भिंत माझे आजोबा पाळण्यात असतानाच पडायला हवी होती. मी विचारलं, मग अहवालात काय लिहिणार? म्हणाले, पडलेली नाही असं लिहितो, ते तरी खरं आहे. आतल्या बाजूला एक जुनी चीर आहे, तिच्यावर त्यांनी काचेची पट्टी चिकटवून दिली. भिंत हलली तर काच तडकेल, मग मला फोन करा, म्हणाले. नाहीतर नाताळला शुभेच्छापत्र पाठवा.

१० सप्टेंबर

निवांतपणा संपला बहुतेक. येत्या रविवारनंतरचा रविवार हा ‘मिठीचा रविवार’ असतो, असं आज मिस डाउसनी मला कळवलं. मला कळवलं, म्हणजे तारीख माझ्या हातात नाही.

दर सप्टेंबरात सगळा गाव चर्चभोवती कडं करतो. एकमेकांचे हात धरून, तोंडं चर्चकडे, पाठी जगाकडे, आणि एक अख्खं गीत संपेपर्यंत चर्चला असं कवेत धरून उभं राहायचं. मग चहा आणि केक. अशी रीत इंग्लंडात इतरही काही गावांत आहे, ती मला माहीत होती. इथली पद्धत जरा न्यारी आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला माणसं सहज पुरतात, पण उत्तरेकडे ती नेहमीच कमी पडतात. मग तिथे जे उभे असतात त्यांनी हात पसरून उभं राहायचं आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवायची. शेजारी बघायचं नाही. कडं पुरं होतं, असं मिस डाउस म्हणाल्या. कसं होतं ते विचारलं, तर मला म्हणाल्या की तुम्ही भिंतीकडे बघा, कडं आपलं आपण बघून घेतं.

आणि हे सगळं कशासाठी? तर, तेवढाच त्यांना विसावा. त्यांना म्हणजे कुणाला, हे मात्र गावात कुणीच सांगत नाही. घंटा वाजवणारे आणि गवत कापणारे हर्बर्ट मॉअर म्हणाले की आमची आजी असं म्हणायची, आई असं म्हणायची, म्हणून आम्ही म्हणतो. तुम्ही पाद्री, तुम्हालाच ठाऊक असायला पाहिजे. मी म्हटलं संतांना म्हणत असतील. हर्बर्टनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती.

१४ सप्टेंबर

आज चर्चच्या समितीची बैठक झाली. मी तिथे एक तोडगा काढला, आणि मला तरी तो शहाणपणाचा वाटतोय.

उत्तरेकडे कमरेइतकी खाजरी झुडपं माजलीत, जमीन ओली आहे, आणि गावातले निम्मे लोक काठीच्या आधाराने चालतात. कुणी घसरून खुबा मोडला तर विमा कंपनीला मीच पत्रं लिहायची. लीड्समध्ये मी आयुष्यभर तेच केलं. मला आता पत्रं लिहायची नाहीत. म्हणून मी सुचवलं की यंदा उत्तरेकडे कुणीच उभं राहू नये. जत्रेसाठीच्या रंगीत पताकांची माळ आहे ना कपाटात, तीच एका टोकाच्या माणसाच्या हातातून दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या हातात द्यावी. कडंही पुरं होईल आणि दिसेलही छान.

बरेच जण खूश झाले. उत्तरेकडे उभं राहायला मुळात कुणालाच आवडत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. हर्बर्ट मॉअर तेवढे म्हणाले की पताकांना हात असतात का हो, रेव्हरंड? सगळे हसले, मीही हसलो. मिस डाउस हसल्या नाहीत. त्यांनी विरोधही केला नाही. नुसता आपला उजवा हात मांडीवर उपडा करून त्याच्याकडे बघत बसल्या. मला वाटलं, संधिवात असेल.

१८ सप्टेंबर, रविवार

पार पडलं बुवा. पाऊस भुरभुरत होता म्हणून गीताची मधली दोन कडवी मीच गाळायला सांगितली. पताका छान दिसत होत्या. लोक हात धरून उभे, टोप्या भिजलेल्या, आणि ते मोठं करडं चर्च मधोमध. एक क्षण मला खरंच भरून आलं.

गीत संपल्यावर मिस डाउसनी चहा ओतला, पण स्वतः घेतला नाही.

१९ सप्टेंबर

पताका काढायला सकाळी उत्तरेकडे गेलो. त्या तिथे नव्हत्या, म्हणजे बांधल्या होत्या तिथे नव्हत्या. झुडपांत पडल्या होत्या. दोरी जागोजागी पिळली होती, ओला कपडा पिळतात तशी, आणि पिळलेल्या प्रत्येक ठिकाणी कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या. खोडसाळ पोरांचं काम, असं ठरवून टाकलं. आल्डरसेटमध्ये पोरं नाहीत हे घरी आल्यावर आठवलं.

खाली झुडपं दबली होती. भिंतीच्या अगदी कडेने, थोड्या थोड्या अंतरावर, इथून तिथपर्यंत. माणसं उभी होती तशी.

२१ सप्टेंबर

काच तडकली. बाकांवर चुन्याची भुकटी पडलीय. चिरेत आता माझं बोट जातं.

पेनफोल्डना फोन केला तर ते वेल्समध्ये सुट्टीवर, पुढच्या महिन्यात येतील. बिशपच्या कचेरीतून कुणीतरी मला समजावलं की सहाशे वर्षं उभी आहे, दोन आठवडे उभी राहील, तुम्ही विश्रांती घ्या. दोन ऑक्टोबरला सुगीची उपासना आहे. त्या दिवशी आसपासच्या गावांतूनही लोक येतात आणि चर्च तुडुंब भरतं. मी समितीला म्हटलं की यंदा गावच्या हॉलमध्ये करू. तर हॉलमध्ये त्या दिवशी कुत्र्यांचं प्रदर्शन आहे, ते वर्षभर आधी ठरलंय, आणि कुत्रेवाल्यांशी भांडायची कुणाची छाती नाही. म्हणजे त्या भिंतीवर टेकलेल्या छपराखाली सगळा मुलूख बसणार. कुणीच माझं म्हणणं खोडत नाही, आणि कुणी ऐकतही नाही.

झोप नाही. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

२४ सप्टेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी, स्वच्छ उन्हात, मी बाहेरून उत्तरेच्या भिंतीपाशी गेलो. चीर बाहेर किती आलीय ते बघायचं होतं. झुडपं ओलांडून भिंतीला तळहात लावला. भिंत थरथरत होती. ती थरथर ओळखीची होती. जड सामान जास्त वेळ धरून ठेवलं की दंडाला जे कापरं भरतं, ते. मग श्वास ऐकू आले. एकाचे नाहीत. खूप राबलेली माणसं कशी काही न बोलता धापा टाकतात, तसे, माझ्या दोन्ही बाजूंनी, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि माझा डावा हात कुणीतरी धरला.

मी शेजारी बघितलं नाही. का, ते सांगता येणार नाही. समोरच्या दगडाकडे बघत राहिलो. हात थंड नव्हता. खरखरीत होता, नखांत चुना भरल्यासारखा. ओढत नव्हता, दुखवतही नव्हता. नुसता माझ्या हातावर भार टाकत होता, आणि हळूहळू त्याची थरथर थांबत गेली. माझ्या दंडात ती सुरू झाली. मला भीती वाटायला हवी होती आणि वाटलीही, पण त्याआधी मला त्या हाताची कीव आली. इतका थकलेला हात मी कधी धरला नव्हता, आणि मी मरणाऱ्यांचे पुष्कळ हात धरलेत.

एका गीताएवढा वेळ गेला असेल. मग हात सुटला. आत जाऊन पाहिलं तर चिरेत बोट जात नव्हतं.

२५ सप्टेंबर

मिस डाउसना सगळं सांगून टाकलं. त्या मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी शिवण बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या की मी पोरवयापासून उत्तरेकडे उभी राहते. अलीकडे हॉबडेसाहेब माझ्या डाव्या हाताला असायचे, आणि उजव्या हाताला कुणीच नाही. दर वर्षी तो हात यायचा. दर वर्षी तोच. सूत कातून बोटाला घट्टा पडलेला होता. बाईचा हात. मी कधी बघितलं नाही, पण ओळखीचा झाला होता हो तो. आई गेली त्या वर्षी तर त्याने माझा हात जरा दाबलाही होता.

मग त्या जे म्हणाल्या ते मला विसरता येत नाही. म्हणाल्या, यंदा त्या हातात आपण पताका दिल्या.

मी रडलो. त्यांच्यासमोरच. त्यांनी रुमाल दिला आणि बजावलं की रडून भिंत उभी राहत नाही. ती बांधून तिच्याच कडेला पुरलेल्या त्या लोकांनी एकमेकांचे हात धरून, पिंपाला पट्टा असतो तशी ती भिंत आवळून धरलीय. वर्षातून एकदा, एका गीतापुरतं, आपण त्यांच्या जागी उभं राहायचं एवढाच करार होता. तोही यंदा मोडला. आता मिस डाउसनी ठरवलंय की सुगीच्या उपासनेला एवढी माणसं येणारच आहेत, तर शेवटचं गीत झालं की सगळ्यांना तसंच बाहेर काढायचं आणि मिठी पुन्हा घालायची, या वेळी उत्तरेकडे दाटीवाटीने उभं राहून. हर्बर्टनाही सांगितलंय. तोवर भिंत तगली पाहिजे.

तोवर मी रोज जाईन, म्हणालो. त्या म्हणाल्या की तुम्ही जाऊ नका, मी जाते. त्यांचा संधिवात मला दिसतो. मी नाही म्हणालो.

२७ सप्टेंबर

रोज दुपारी जातो. डाव्या हातात हात येतो, उजव्या हातातही. एका गीताएवढं धरतो, मग आणखी एका. मग सोडवत नाही, कारण सोडलं की पलीकडून जो सुस्कारा ऐकू येतो तो मला सहन होत नाही.

वेगवेगळे हात येतात. एक म्हाताऱ्याचा, अंगठा नसलेला. एक फार बारीक. मी गातो. आवाज बेताचाच, पण कुणी तक्रार करत नाही.

घरी आलो की कप उचलवत नाही. चहा बशीत ओतून, वाकून पितो.

२९ सप्टेंबर

दंड खांद्यापासून सुन्न. लिहायला त्रास होतो.

आज एक गोष्ट लक्षात आली आणि ती लिहायची नव्हती. अंगठा नसलेला हात आला नाही. काल आला होता, मी धरला, त्याला आराम पडला, तो सुटला. आज नाही. बारीक हातही नाही. ज्यांना मी धरलं ते दुसऱ्या दिवशी येत नाहीत. श्वास पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतात.

मी त्यांना बसू दिलं. ते उठलेच नाहीत.

त्यांना दोष कसा देऊ. मीही उठलो नसतो.

३० सप्टेंबर

चीर पुन्हा उघडली. जितके जातात तितकी भिंत जड होते, आणि जे उरलेत ते जास्त थकतात — माझी वाट बघतात — मी गेलो तर आणखी एक बसेल, नाही गेलो तर —

मिस डाउसना सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. रविवारपर्यंत तुम्ही भिंतीकडे फिरकायचं नाही, म्हणाल्या. माणसं भरपूर येतील, आपण सगळे मिळून धरू. कायमचं? मी विचारलं. त्यांनी माझा कोट माझ्या खांद्यावर घातला आणि मला दारापर्यंत पोहोचवलं.

१ ऑक्टोबर

गेलो नाही. दिवसभर खिडकीतून भिंत दिसत होती. चर्चमध्ये बायका भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढ्या मांडत होत्या. हसण्याचे आवाज येत होते. उत्तरेच्या खिडक्यांतही त्यांनी फळं रचलीत.

मला फार झोप येतेय आणि लागत नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेआधी नुसतं बघायला आलो होतो. हात लावणार नव्हतो. भिंतीचा वरचा भाग माझ्या डोळ्यांदेखत पुढे आला — एवढुसा — आणि मी धावलो. डावा हात धरलाय. सुटत नाही, किंवा मी सोडत नाही, नक्की कळत नाही. रोजनिशी कोटाच्या खिशात होती. धिऱ्याच्या थोटकावर ठेवून उजव्या हाताने लिहितोय. लिहिलं की ओरडणं थांबतं. बराच वेळ ओरडलो. वर हर्बर्टच्या घंटा चालू आहेत, आणि या बाजूला कुणी येत नाही. कधीच येत नाही.

घंटा थांबल्या. आता ओरडलो तर ऑर्गन सुरू झाला. मी आलो नाही म्हटल्यावर मिस डाउसनी उपासना सुरू केली असणार. त्यांचा आवाज भिंतीतून येतोय, खणखणीत. कितीतरी माणसं आहेत आत. पावलं, बाकं, खोकला, कुणाचं तरी तान्हं बाळ. या भिंतीला लागूनच आहे ते बाळ.

श्वास एकच उरलाय. डावीकडचा. बाकी सगळे बसले.

डावा हात सैल झाला. मला जाऊ देतोय. जाऊ शकतो मी. झुडपांतून पळत, वळसा घालून, दारातून आत, सगळ्यांना बाहेर — किती वेळ लागेल — हात सैल झाला तेवढ्यात दगड खाली आला, माझ्या पायाशी —

मीच घट्ट धरला. पुन्हा. तो हात हसला असं लिहिलं असतं, पण हात हसत नाहीत. त्याने नुसता भार टाकला.

उजवीकडे कुणी नाही. सगळी उजवी बाजू मोकळी आहे आणि भिंत तिकडूनच येतेय. त्या टोकाला कुणीतरी आहे का — आहे. बाहीला लागलं. फार लांबून ताणून आलेला हात. बोटांची टोकंच पोहोचतात. माझा हात पुढे केला तर —

पेन आहे त्या हातात.

आत शेवटचं गीत लागलं. मिस डाउस, गीत झालं की लगेच बाहेर काढा सगळ्यांना. ठरलंय तसं. उत्तरेला दाटीने उभे राहा. माझ्या शेजारी कोण आहे ते बघू नका, मलाही बघू नका, भिंतीकडे बघा. आणि कुणीतरी माझ्या जागी या. कायमचं नाही. एका गीतापुरतं. मी फक्त जरा खाली बसेन, पाठ टेकीन, डोळे मिटेन. मग परत उभा राहीन. मी त्यांच्यासारखा नाही. मी नक्की उठे